जाझ या शब्दाला चारित्र्याचा दाखला

ओवी आणि ईशान,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर ईशानने विचारलं, आजी, तू नेमकं काय काम करायचीस? तुमच्या बाबांनी मध्येच सांगून टाकलं, ट्रान्सलेटर होती. त्यावर ओवी म्हणाली की ते तर आता फोनच करतो. दोघांचंही बरोबर आहे आणि दोघांचंही अपुरं आहे. नेमकं त्याच आठवड्यात इथल्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्या कामाविषयी लिहायला सांगितलं, तेव्हा एकाच लेखात दोन्ही उत्तरं उरकायचं ठरवलं. अंकाच्या वाचकांना मधूनमधून तुमची नावं वाचावी लागतील, त्याला इलाज नाही.

आधी नांदेडला आणि तुमच्या आजोबांची बदली झाल्यावर लातूरला, कोर्टासमोर पहिल्या मजल्यावर माझं एका खोलीचं ऑफिस होतं. अजूनही आहे, मी आठवड्यातून तीन दिवस जाते. लोक इंग्रजी कागद घेऊन येतात आणि मराठी घेऊन जातात, किंवा उलट. खाली माझी सही आणि गोल शिक्का. अनुवाद म्हणजे गिऱ्हाइकाला हवं ते लिहिणं नव्हे, कागदात आहे ते लिहिणं. हे समजावण्यात माझा निम्मा वेळ गेला. इस्लापूरचे एक गृहस्थ मिक्सरचं माहितीपत्रक घेऊन आले होते. त्या मिक्सरमध्ये खडा मसाला वाटू नये असं त्यांच्या मेव्हण्याचं म्हणणं होतं, ते खोटं असल्याचं यांना शिक्क्यासह हवं होतं. पत्रकात मेव्हण्याचंच म्हणणं छापलेलं निघालं. त्यांनी अनुवाद नेला, शिक्का मात्र नको म्हणाले. उदगीरच्या एक आजी मुलाने जर्मनीहून पाठवलेल्या चॉकलेटचं वेष्टन घेऊन आल्या. आत अंडं आहे का, एवढंच त्यांना हवं होतं. नाही म्हटल्यावर त्या थोड्या खट्टू झाल्या. "म्हंजे दोन खाल्ले ते उगंच भिऊन भिऊन खाल्ले," म्हणाल्या.

माझा एक नियम होता, मूळ कागद समोर असल्याशिवाय काम घ्यायचं नाही. हा नियम मी शहाणपणाने केलेला नाही, चुकीतून केला. नांदेडला सुरुवातीच्या दिवसांत एका तरुणाने नोकरीच्या पत्राची झेरॉक्स आणली. मी तिचा सुबक अनुवाद करून दिला. मूळ पत्राच्या मागच्या बाजूला ती जागा रद्द झाल्याचा शेरा होता, आणि झेरॉक्स एकाच बाजूची होती. घरच्यांनी हार घालून त्याला हैदराबादला रवाना केलं. चार दिवसांनी परत आला तेव्हा माझ्याकडे येऊन फक्त म्हणाला, मॅडम, मागं पण लिहिलेलं होतं. त्याने दोष दिला असता तर बरं वाटलं असतं.

आता मुख्य गोष्ट. ओवी शाळेच्या जाझ बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते, म्हणून मुद्दाम हीच निवडली. फार जुनी नाही, तीनेक वर्षांपूर्वीची आहे.

रेणापूरहून एका बँडमास्तरांचा फोन आला. नाव किसनराव. लग्नाच्या वरातीत वाजवणारं अकरा जणांचं पथक. एका इंग्रजी शब्दाविषयी लेखी पाहिजे म्हणाले. मी नेहमीप्रमाणे सांगितलं, मूळ घेऊन या.

"मूळ लई मोठं हाय बाई."

कितीही पानांचं असू द्या, आणा, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता जिन्यात आरडाओरडा ऐकू आला. दोन माणसं त्यांच्या बँडचा मोठा ड्रम वर आणत होती आणि तो वळणावर अडकला होता. खालच्या वकिलांचे पक्षकार ड्रमच्या अलीकडे, वकील पलीकडे, असा अर्धा तास गेला. शेवटी माझ्या दाराची एक फळी उतरवून ड्रम आत घेतला. तो गिऱ्हाइकाच्या खुर्चीच्या जागी बसला, त्यामुळे किसनराव उभेच राहिले. ड्रमच्या तोंडावर पिवळ्या ऑइलपेंटने वर इंग्रजीत आणि खाली मराठीत लिहिलं होतं: न्यू प्रभात जाझ बँड, रेणापूर. अक्षरं हाताने काढलेली, थोडी उजवीकडे कललेली.

"ह्यातला मधला शब्द," किसनराव म्हणाले. "त्याला दाखला पाहिजे. पोलीस माणसाला देतेत ना चारित्र्याचा, तसा. चालचलन चांगलं हाय, एवढं लिहा."

झालं होतं असं. रेणापूरजवळच्या एका गावात बळीरामतात्या म्हणून शेतकरी आहेत. त्यांच्या मुलीचं लग्न धर्माबादच्या मुलाशी ठरलं होतं. तात्यांनी हौसेने पत्रिकेत बँडचं नावही छापलं. ती पत्रिका मुलाच्या मामांच्या हाती पडली. मामा शिक्षण खात्यातून निवृत्त झालेले, आणि कागद हातात आला की त्यातली चूक काढल्याशिवाय खाली न ठेवणारे. त्यांना पत्रिकेत शुद्धलेखनाची चूक सापडली नाही. तेव्हा त्यांनी 'जाझ' हा शब्द फोनवर शोधला आणि कुटुंबाच्या ग्रुपवर लिहिलं, "सदर शब्दाचे मूळ असभ्य आहे. मंगलकार्यात वापर उचित नाही." खाली हात जोडलेली तीन चित्रं.

तो निरोप धर्माबादहून रेणापूरला, तिथून लातूरला आला. आणखी तीन लग्नघरांनी किसनरावांना शब्द पुसायला सांगितलं. लातूरच्या दुसऱ्या एका बँडवाल्याने आपल्या गाडीवर 'संपूर्ण सभ्य बँड' असा फलक लावला. तात्या निरोप्याकरवी म्हणाले, तेवढा शब्द रंगवून टाका, नाहीतर आम्ही डीजे सांगतो.

मी किसनरावांना विचारलं की एक शब्द पुसला तर बिघडलं काय? बँड तोच, वाजवणारे तेच.

"बापानं काढलेली अक्षरं हायती बाई. त्यांचा फोटो न्हाई घरात, काढलाच न्हाई कुणी. हे एवढंच हाय त्यांच्या हातचं. परवा दिसभर ब्रश घिऊन बसून राहिलो, हातच उचलंना."

मी काम घेतलं. आठवडा लागेल म्हटलं. ड्रम तोवर ऑफिसातच राहिला आणि त्या आठवड्यात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाने त्यावर एकदा तरी टिचकी मारून पाहिली.

ओवी, तुला वाटत असेल की शब्दाचा उगम शोधणं म्हणजे शब्दकोश उघडणं. मी तीन उघडले, शिवाय पुण्याच्या एका मैत्रिणीकडून मोठ्या कोशाची पानं मागवली. सगळ्यांनी मोठ्या विद्वत्तेने एकच गोष्ट सांगितली की नक्की कोणालाच माहीत नाही. गंमत म्हणजे छापील मजकुरात हा शब्द पहिल्यांदा दिसतो तो संगीताच्या नाही, खेळाच्या पानावर. अमेरिकेत बेसबॉलच्या एका खेळाडूने आपल्या वेड्यावाकड्या चेंडूला हे नाव दिलं होतं. मग जोम, दम, रग अशा अर्थाने तो फिरत राहिला आणि फिरत फिरत वाजवणाऱ्यांच्या गळ्यात पडला. मी किसनरावांना हे सांगितलं. "चेंडूचा न् आमचा काय संबंध?" म्हणाले. मी म्हटलं, विद्वानांनाही तोच प्रश्न पडलेला आहे.

मी कागद तयार केला. दोन पानं, क्रमांक घालून. एक, जोम किंवा दम या अर्थाचा जुना बोलीशब्द. ही शक्यता सर्वांत बळकट. दोन, गप्पा मारणे या अर्थाचा फ्रेंच शब्द. तीन, आफ्रिकेतल्या एखाद्या भाषेतला शब्द. कोणत्या, ते अज्ञात. चार, जाई-मोगऱ्याच्या जातीच्या फुलांच्या अत्तराचं नाव, जॅस्मिन. ही दंतकथा असण्याचा संभव. आणि पाच. पाचवी शक्यता खरोखरच असभ्य होती. अमेरिकेतल्या काही शहरांतल्या बाजारू बोलीत त्या शब्दाला तसा अर्थ होता, मात्र तो आधी होता की नंतर चिकटला याविषयी एकमत नाही. मी अर्धा दिवस विचार केला आणि लिहिलं, "पाचवी शक्यता असभ्य असून तिचा अर्थ विचारल्यास तोंडी सांगण्यात येईल." खाली सही, शिक्का, आणि 'मूळ ड्रम प्रत्यक्ष पाहिला' असा शेरा.

(तुम्हाला मराठी अक्षरं वाचता येत नाहीत, तुमचे बाबा हे वाचून दाखवतील हे माहीत आहे, म्हणून तो अर्थ इथेही लिहीत नाही. ओवी सतरा वर्षांची आहे, तिने स्वतः शोधावा. ईशानने थांबावं.)

किसनरावांनी कागद दोनदा वाचून घेतला. मग हळूच म्हणाले, "पाचवं गाळा की बाई. चार काय कमी हायती?"

मी नाही म्हटलं. झेरॉक्सवाल्या तरुणाची गोष्ट सांगितली. ती त्यांनी पूर्ण ऐकली, वाद घातला नाही. माझ्या नियमापायी त्यांचं नुकसान होणार हे मला दिसत होतं, त्यांनाही दिसत होतं. "मग शिक्का तरी ठळक मारा," एवढंच म्हणाले.

आपल्याकडे लग्नातला कुठलाही तंटा बैठकीत सुटतो. दोन्हीकडची माणसं सतरंजीवर बसतात, कागद असेल तर मोठ्याने वाचतात आणि मग कागदात काय आहे ते बाजूला ठेवून मधला मार्ग काढतात. धर्माबादला मुलाच्या घरी रविवारी दुपारी बैठक ठरली. सही करणाऱ्या बाईंनी समक्ष यावं असा मामांचा आग्रह होता. मी तिन्ही शब्दकोश घेऊन जीपमध्ये बसले. मागून टेम्पोत ड्रम आला, कारण कागदावर त्याचा उल्लेख होता आणि मामा मूळ मागतील याची मला खात्री होती. मामांनी आल्या आल्या मूळ मागितलंच.

पंधरा-वीस माणसं होती. चहा आला, चिवडा आला. खुर्चीवर एकट्या नवरदेवाच्या आजी बसल्या होत्या, त्यांना सगळे मोठीआई म्हणत. वय नव्वदीच्या आसपास, कान मात्र तीक्ष्ण. जास्त शिकलेले म्हणून कागद वाचायला मामांकडेच दिला.

पहिली शक्यता वाचली तशी किसनरावांच्या बाजूच्यांनी माना डोलावल्या. दम, हे बरं आहे. दुसरीवर चिवड्याची ताटली फिरली. तिसरीवर एका काकांनी आफ्रिका कुठे आली ते विचारलं आणि दुसऱ्या काकांनी सांगितलं, तेही चुकीचं. चौथी वाचली आणि खोलीत एकदम समाधान पसरलं. मोगरा! लग्नाला याहून योग्य काय असणार? मग मामा पाचवीवर आले. "अर्थ विचारल्यास तोंडी सांगण्यात येईल," इथपर्यंत वाचून त्यांनी चष्मा काढला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तयार होते. जपून वापरायची दोन वाक्यं मी जीपमध्ये मनात जुळवून ठेवली होती. पण विचारलं कोणीच नाही. बायका आतल्या दारातून पुढे सरकल्या, पुरुष चिवड्याकडे बघायला लागले. तात्यांनी आणखी चहा मागितला.

मोठीआई मामांना म्हणाल्या, "तुला ठाऊक हाय ना रे? तूच लिहिलंस."

"हो," मामा म्हणाले. "म्हणजे साधारण."

यानंतर बैठक खरी रंगात आली. नवरदेवाचे काका म्हणाले, एवढ्या पाच गोष्टी कशाला, मोगरा धरा आणि विषय संपवा. किसनरावांचा क्लॅरिनेटवाला म्हणाला, मोगरा कसा धरता, बाईंनी दंतकथा लिहिलंय, दम धरा, तो बळकट लिहिलाय. तात्यांनी मुलीच्या बापाला शोभेल असा तोडगा काढला की मुलाकडच्यांनी मोगरा घ्यावा, मुलीकडच्यांनी दम घ्यावा, आणि पत्रिका आहे तशी राहू द्यावी. यावर मत घ्यायची वेळ आली. मला विनंती झाली की बाकीच्या तीन शक्यता खोडून शेजारी सही करावी. एवढ्या सभ्य माणसांनी एका अमेरिकन शब्दाची व्युत्पत्ती बहुमताने ठरवायला घेतलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. मी म्हटलं, पाचही एकत्र राहतील, नाहीतर शिक्का परत घेते.

"मग झाकून टाका," मामा म्हणाले. "पुसू नका. वरातीपुरता वरून एक टॉवेल बांधा. कोणाचं काही जाणार नाही."

मधला मार्ग निघाला होता. तात्यांनी सुटकेचा श्वास टाकला, लोक गुडघ्यांवर हात ठेवून उठायला लागले. किसनराव दाराशी बसले होते, त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि उंबऱ्याबाहेर ठेवलेल्या ड्रमवर धरून पाहिला, पुरतो का ते. पुरत होता. त्या वेळी मला वाटलं की पाचवं कलम गाळलं असतं तर कोणाचं काय बिघडणार होतं. इतक्या वर्षांत आपल्याच शिक्क्याची मला पहिल्यांदा लाज वाटली.

तेवढ्यात मोठीआईंनी किसनरावांना हाक मारली. "ए मास्तर, इकडं ये. तुझ्या बापाला ह्याचा अर्थ ठाऊक हुता का?"

"न्हाई, मोठीआई."

"मंग लिहिला कशाला?"

किसनराव टॉवेल हातात घेऊन उभे राहिले. वडील तरुणपणी हैदराबादला एका मोठ्या क्लबात पाणी भरत, असं त्यांनी सांगितलं. तिथे बाहेरून बँड येत. वडिलांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण अक्षरांचा आकार डोळ्यांत बसायचा. "परतेक ड्रमवर पुढचं नाव येगळं असायचं," किसनराव म्हणाले, "आन् मागं हा शबुद त्योच. म्हणून त्यांना वाटलं, हे वाजवणाऱ्यांचं आडनाव असंल. गावात आमाला कुणी आडनावानं हाक मारत नव्हतं. वाजपवाले म्हणायचे. त्यांनी इथं येऊन पयला ड्रम घेतला न् आडनाव लावलं."

मामा म्हणाले की हे भावनिक आहे, पण कोशात असं कुठे दिलेलं नाही. बाईंनीच सांगावं.

मी सांगितलं की कोशात नाही. मग कागद मागून घेतला आणि पेनने खाली लिहिलं, "सहा. रेणापूर येथे: वाजवणाऱ्यांचे आडनाव. साक्ष किसनराव, समक्ष." आणि शेजारी सही केली.

मोठीआई खुर्चीतून उठायला लागल्या, तशा दोन सुना धावल्या. "आडनाव असंल तर झाकता कशाला?" त्या म्हणाल्या. "लग्नात बदलायचं तर पोरीचं बदलंल. ह्यांचं कशापायी?"

किसनरावांनी टॉवेल परत खांद्यावर टाकला. आतल्या दारात उभ्या बायकांपैकी कोणीतरी हसलं, आणि बैठक संपली.

लग्न रेणापूरला झालं. मला आग्रहाचं बोलावणं होतं. दुपारची वरात, ऊन बऱ्यापैकी, आणि किसनरावांची अकरा माणसं नव्या लाल कोटांत घामाने निथळत वाजवत होती. खरं सांगायचं तर ट्रम्पेटवाला बेसूर होता. ओवी त्याच्यापेक्षा बरीच बरी वाजवते. मी सावलीत उभी होते. मामा फेटा सांभाळत माझ्याजवळ आले. इकडचं तिकडचं बोलले, लातूरच्या पाण्याचा विषय काढला, शब्दकोश कोणता चांगला ते विचारलं. मग आजूबाजूला बघून माझ्या कानाशी वाकले.

"मॅडम, ते पाचवं. तोंडी सांगण्यात येईल म्हणून लिहिलं होतंत."

"तुम्हाला ठाऊक आहे ना?"

मामांनी फेट्याचं टोक नीट केलं. फोनवर पहिल्या दोन ओळीच दिसल्या होत्या, म्हणाले. 'असभ्य' एवढा शब्द दिसला, आणि पुढचं वाचायला नाव नोंदवा म्हणून आलं. त्यांनी नोंदवलं नव्हतं.

लिहिलं होतं तसं मला वागणं भाग होतं. मी तोंडी सांगितलं, जीपमध्ये जुळवलेल्या त्याच दोन वाक्यांत. मामांनी डोळे मिटून नीट ऐकून घेतलं. थोडा वेळ थांबले, आणखी काही येतंय का म्हणून.

"एवढंच?" ते म्हणाले.

एवढंच, मी म्हटलं.

ते वरातीत परत गेले. मुलीकडच्या कोणीतरी हौसेने मोठ्या ड्रमला झेंडूचा हार घातला होता, तो सरकून नेमका अक्षरांवर आला होता. मामांनी वाजवणाऱ्याला हाताने थांबवलं, हार दोन्ही हातांनी उचलून वरच्या कडेला नीट अडकवला, दोन पावलं मागे येऊन शब्द पूर्ण दिसतो का ते पाहिलं, आणि वाजवा म्हणून खूण केली.